वजनाचं ऑपरेशन झालं, खाणं तसंच राहिलं

डोंबिवली पूर्वेला माझं पोळीभाजी केंद्र आहे. अठरा वर्षं झाली. पहाटे पावणेपाचला कणीक भिजते, सातला पहिला तवा चढतो, रात्री नऊला शटर खाली. रोजच्या सहाएकशे पोळ्या, सणावाराला हजाराच्या पुढे. कुणी डबा न्यायला येतं, कुणी उभ्याउभ्याच विचारतं, "ताई, आज भाजी कुठली?" इतकी माणसं येतात-जातात, पण ह्या सगळ्या वर्षांत मला जेवताना कुणीच पाहिलं नव्हतं. ही गोष्ट माझ्याच लक्षात यायला एक ऑपरेशन आणि त्यानंतरचं एक वर्ष जावं लागलं.

ऑपरेशन झालं फेब्रुवारी 2022 मध्ये. तेव्हा माझं वजन 112 किलो होतं, उंची 156 सेंटिमीटर. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 46. मधुमेह नऊ वर्षांचा, गुडघे कामातून गेलेले, झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री मशीनचा मास्क लावून झोपत होते. तोपर्यंत डाएट किती केले त्याची मोजदाद नाही. दहा किलो उतरवायचे, चौदा चढायचे, असंच चाललं होतं. बीएमआय 40 च्या वर असल्यामुळे विम्याचा क्लेमही मंजूर झाला, तेव्हा वाटलं, देवानेच दार उघडलं.

माझं जे झालं त्याला स्लीव्ह म्हणतात. दुर्बिणीतून जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून बाहेर काढतात आणि केळ्यासारखी एक नळी शिल्लक ठेवतात. त्यात जागा तर कमी होतेच, शिवाय भूक लागल्याचा निरोप मेंदूला पोचवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं, तो भागच जातो. सर्जनांनी हे कागदावर चित्र काढून नीट समजावलं होतं. मला ते चित्र फार आवडलं होतं. आपली भूक कुठेतरी एका कोपऱ्यात बसलीय आणि ती कापून काढता येते, ह्याइतकी दिलासा देणारी गोष्ट मी कधी ऐकली नव्हती.

घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. नात्यात हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. "हिला तोंड आवरता आलं नाही म्हणून पोट कापून घेतलं" हे वाक्य कोण म्हणेल, कुठल्या लग्नात म्हणेल, हेसुद्धा मला आधीच दिसत होतं.

ऑपरेशनच्या आधी मानसिक तपासणी असते. एका बाईंनी वीसेक मिनिटं प्रश्न विचारले. ताण आला की जास्त खाता का? नाही. रात्री उशिरा खाता का? नाही. खाताना ताबा सुटतो असं वाटतं का? नाही. तिन्ही उत्तरं खोटी होती. खरं सांगितलं तर ऑपरेशन नाकारतील अशी भीती होती. पुढे कळलं की असं नसतं. आधी काही महिने त्यावर उपचार करतात आणि मग ऑपरेशन करतात, एवढंच. ही भीती बाळगणारी मी एकटी नसणार, म्हणून लिहिते आहे.

खरं काय होतं तेही लिहिते. 2011 साली मिस्टरांची कंपनी बंद पडली. तेव्हापासून घर माझ्या तव्यावर. रात्री नऊला शटर ओढलं, मावशी गेल्या, की साडेनऊ-पावणेदहापर्यंतचा वेळ माझा. आत दिवा एकच, पंखा बंद. उरलेल्या पोळ्या, वर तूप-गूळ, गार झालेली बटाट्याची भाजी, डब्यातला चिवडा. ओट्याशी उभ्याउभ्या खायचे. भूक असायचीच असं नाही. दिवसभरात कुणी काही मागत नाही असा तो एकच तास होता, आणि त्या तासाला खाण्याशिवाय दुसरं काही करायची मला सवयच नव्हती. माझी आई म्हणायची, "पोरीला भस्म्या झालाय." मला भस्म्या नव्हता. मला बसायला जागा नव्हती.

पहिल्या दोन दिवसांत औषधाच्या इवल्याशा कपातून पाणी देतात, 30 मिली, दर पंधरा मिनिटांनी एक. मग दोन आठवडे पातळ: मुगाचं पाणी, ताकाची निवळ, पेज गाळून, प्रोटीन पावडर. मग दोन आठवडे सगळं घोटून. मग मऊ भात, गुरगुट्या. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. घास पंचवीस-तीस वेळा चावायचा. मी लोणच्याच्या वाटीत जेवत होते आणि ती वाटीसुद्धा संपत नव्हती.

त्या पहिल्या महिन्यांबद्दल मी वाईट बोलणार नाही. वखवख गेली. आयुष्यात पहिल्यांदा पेढ्यांचा पुडा समोर उघडा होता आणि मी त्याच्याकडे न बघता हिशोब लिहिला. साखरेच्या गोळ्या आधी अर्ध्या झाल्या, तिसऱ्या महिन्यात बंद झाल्या. आठव्या महिन्यात मास्क गेला. स्टेशनचा जिना न थांबता चढले त्या दिवशी वर पोचून रडले. ऑपरेशनने मला जे दिलं ते खरं आहे आणि ते मला नाकारायचं नाही.

पण ऑपरेशनला सव्वा महिना होतो न होतो तोच होळी आली. चारशे पुरणपोळ्यांची ऑर्डर होती. पुरण गोडाला बरोबर झालंय का हे बघणं माझंच काम, अठरा वर्षं दुसऱ्या कुणी ते केलेलं नाही. डॉक्टरांनी गोड बंद सांगितलेलं. म्हणून चिमूटभर तोंडात घेतलं, चव बघितली आणि बेसिनमध्ये थुंकून टाकलं. चूळ भरली. ह्यात चुकीचं काही नव्हतं, कामच होतं ते. मग जायफळ बघायला घेतलं. मग पहिली पोळी तव्यावरून उतरली, कडेला खरपूस, तूप सोडल्यावर फुललेली, तिचा तुकडा मोडला. तोही चावला, अगदी सावकाश, आणि थुंकला. आणि मला आठवतंय, त्या क्षणी मनात आलं: म्हणजे असं चालतं तर.

बाकीचं सगळं त्या एका विचारातून वाढलं.

जून-जुलैपर्यंत ते रोजचं झालं. रात्री शटर खाली, तोच दिवा. फक्त आता ओट्याजवळ पोळ्यांच्या पॅकिंगची एक पिशवी असायची. एक पोळी, दोन पोळ्या, सहा, आठ. चावायचं, चव संपली की पिशवीत. पोटात काही जात नव्हतं, त्यामुळे थांबायचं कारणही नव्हतं. पूर्वी निदान पोट भरायचं तेव्हा हात थांबायचा. आता तास-तास, दीड-दीड तास. जबडा दुखायला लागला, दाढा ठणकायला लागल्या, कानाखाली गाल सुजल्यासारखे झाले. पिशवीला दोन गाठी मारायचे, ती दुसऱ्या पिशवीत घालायचे आणि घरी जाताना चौकातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचे, केंद्राच्या डब्यात नाही. आमच्या घरी पानात टाकणं हे पाप होतं. ताटातलं शीतसुद्धा बोटाने टिपून खायला शिकवलेलं. ती मी, आठ पोळ्या रोज. शरमेने अंग आकसायचं. आणि शरम वाटली की दुसऱ्या दिवशी पोळ्या वाढायच्या.

काटा मात्र उतरत होता. तीन महिन्यांनी 93, सहा महिन्यांनी 82, वर्ष भरायच्या आतच 71. फॉलोअपला गेलं की काट्यावर उभं राहायचं, आकडा बघून सगळे खूश. "वजन? वा! प्रोटीन चालू आहे ना? गोळ्या घेताय ना? छान." तीन मिनिटांत बाहेर. एकदा माझा आधीचा आणि आताचा फोटो शेजारी-शेजारी लावून पेशंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, चाळीस जणांनी फुलं पाठवली. मी आजारी पडत होते आणि आजाराचं कौतुक होत होतं. मी स्वतः सांगितलं नाही हा माझा भाग मी मान्य करते. पण "खाणं कसं चाललंय, खाण्याबद्दल काय वाटतं" हा प्रश्न त्या वर्षात एकदाही कानावर आला नाही, आणि तो विचारायला पैसे लागत नाहीत.

घरी काटा होता. त्यावर मी दिवसातून पाचसहा वेळा उभी राहायचे. अर्धा किलो जास्त दिसला की त्या दिवशी काही खायचं नाही. 71 वरून 69. मग दुसरंच सुरू झालं. दिवसभर उपाशी राहून दुपारी चार वाजता घाईघाईने काही तोंडात टाकलं की ते छातीत अडकायचं. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांना हे अडकणं माहीत आहे, तोंडाला फेसाळ लाळ सुटते, जीव कासावीस होतो आणि ओकारी झाल्याशिवाय सुटका नाही. आधी ती आपोआप व्हायची. नंतर मी ती व्हावी म्हणून खायला लागले.

केस चौथ्या महिन्यापासूनच गळत होते. वजन झपाट्याने उतरलं की ते होतं आणि पुढे परत येतात, हे मला माहीत होतं. माझे येत नव्हते. पायांच्या बोटांना मुंग्या यायच्या, तवा धरताना हात थरथरायचा. एकदा पहाटे कणीक मळताना डोळ्यांसमोर सगळं एकाचं दोन झालं. मला वाटलं, अपुरी झोप.

डिसेंबरमध्ये नात्यातलं लग्न होतं, पुण्याला. काठपदराची साडी नेसले, ब्लाऊज चौथ्यांदा आतून शिवून घेतलेला. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि बायकांचा गराडाच पडला. "अगं बाई, ओळखलंच नाही!" "कुठलं डाएट गं?" नणंदेने दोन्ही दंड धरून मला गोल फिरवलं. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "आता अजून बारीक होऊ नकोस, सुकलेली दिसशील," आणि त्याच श्वासात, "पण छान दिसतेस हो." सगळ्यांचं प्रेम खरं होतं. पंगतीत मी मठ्ठ्याचा पेला हातात धरून वाढपी पुढे जाईपर्यंत मान खाली घालून बसले. साडीखाली पोटाची कातडी रिकाम्या गोणीसारखी लोंबत होती, ती पिनांनी आवळलेली. एवढ्या बायकांत एकीला तरी सांगावं असं फार वाटलं. पण कुणाला काय सांगणार होते? हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं ना माझं.

मावशींना आधी कळलं. आमच्याकडे पोळ्या लाटायला दोन मावशी आहेत, त्यातल्या थोरल्या कराडकडच्या. एका सकाळी मागच्या दाराशी मांजराने पिशवी फाडून ठेवली होती. आदल्या रात्री पाऊल उचलवत नव्हतं म्हणून मी ती चौकात न नेता तिथेच ठेवली होती. मी आले तेव्हा मावशी केरसुणी हातात धरून त्या लगद्याकडे बघत उभ्या.

मी म्हटलं, "उंदीर झालेत फार."

त्या काही बोलल्या नाहीत. सगळं भरून टाकलं, फरशी पुसली, हात धुतले. मग लाटणं हातात घेऊन, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, हे उंदराचं काम न्हाई. चावून टाकलंय कुणीतरी." थोड्या वेळाने म्हणाल्या, "भाकरीचा तुकडा गिळवत न्हाई, असं दुख हाय व्हय काय?"

दुःख म्हणाल्या की दुखणं, मला आजही माहीत नाही. मी उत्तर दिलं नाही. पण त्या दिवसापासून त्या रात्री नऊनंतर काहीतरी कारण काढून थांबायला लागल्या. भांडी घासत, उद्याची भाजी निवडत. मला त्यांचा इतका राग आला होता की काही विचारू नका.

जानेवारी 2023 मध्ये एक रात्र फार वाईट गेली. घरी सगळे झोपलेले. स्वयंपाकघरात बसून होते आणि मनात आलं, आपण नसलो तर कुणाचं काही अडणार नाही, केंद्र मावशी चालवतील. पूर्वी चिडून, रडून असं काही मनात यायचं, पण त्या रात्री तो विचार अगदी शांत होता, हिशोबासारखा. त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. फोनमध्ये कुणीतरी कधीतरी पाठवलेला सरकारी हेल्पलाइनचा नंबर होता, टेलिमानस, 14416. लावला. पलीकडची मुलगी मराठीत बोलली. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. तिने विचारलं, आत्ता तुम्ही सुरक्षित आहात का, घरात कोण आहे, आणि म्हणाली, "काकू, काकांना उठवाल का? मी फोनवर आहे तोपर्यंत उठवा." मी उठवलं. मिस्टर लुंगी सावरत बाहेर आले आणि मी त्यांना पहिल्यांदा पिशवीबद्दल सांगितलं. त्यांना निम्मं कळलं नाही. ते माझ्या शेजारी फरशीवर बसले आणि उजाडेपर्यंत उठले नाहीत. नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, म्हणून मुद्दाम परत लिहिते: 14416.

त्याच आठवड्यात ठाण्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी वजन विचारलं नाही. म्हणाल्या, "आज सकाळपासून काय काय खाल्लं?" मी सांगितलं. दोन घास उपमा, चहा. मग म्हणाल्या, "आणि तोंडात गेलं पण पोटात गेलं नाही, असं काही?"

मला वाटत होतं हे जगात मी एकटीच करते. ह्या प्रश्नाचे शब्द तयार होते, म्हणजे तो कुणालातरी आधी विचारलेला होता. मी टेबलावर डोकं टेकवून रडले.

त्यांनी पुढे जे सांगितलं ते वर्षभरापूर्वी ऐकायला हवं होतं. 2013 साली मानसिक आजारांच्या अमेरिकन पुस्तिकेत, डीएसएम-5 मध्ये, ताबा सुटून खाण्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली. त्यात एका बैठकीत खूप जास्त खाणं ही अट आहे. ऑपरेशननंतर पोटात तेवढी जागाच नसते, मग अट पुरी होत नाही आणि माणूस कागदावर बरा ठरतो. म्हणून किती खाल्लं ह्यापेक्षा ताबा सुटला का, लपवावं लागतं का, नंतर कसं वाटतं, हे बघायचं. जुनी सवय नवी वाट शोधते. कुणी दिवसभर थोडंथोडं चरत राहतं, कुणी ओकतं, कुणी माझ्यासारखं चावून टाकतं. कुणाचं खाण्यावरून पिण्यावर जातं. अमेरिकेत 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दारूच्या त्रासाचं प्रमाण ऑपरेशनआधी 7.6 टक्के होतं, ते दुसऱ्या वर्षात 9.6 टक्के झालं, आणि बायपास, म्हणजे जठराचंच पण दुसऱ्या प्रकारचं वजनाचं ऑपरेशन, झालेल्यांत धोका जास्त दिसला. बायपासनंतर दारू लवकर आणि जोरात चढते. माझ्या त्या रात्रीबद्दलही त्या मोकळेपणाने बोलल्या. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ऑपरेशन झालेल्यांची आधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन वर्षं ताडून पाहिली, तर स्वतःला इजा करून घेऊन इमर्जन्सीत येण्याचे प्रसंग नंतर साधारण दीडपट झाले होते. अशा माणसांची संख्या थोडी होती, पण वाढ खरी होती. ऐकून मला हायसं वाटलं, हे कुणाला विचित्र वाटेल. पण माझं झालं ते माझ्या नालायकपणामुळे झालं नव्हतं, एवढं त्या आकड्यांनी सांगितलं.

पायांच्या मुंग्या ऐकून त्या गप्प झाल्या. ओकाऱ्या किती, कधीपासून, चालताना तोल जातो का, एकाचं दोन दिसतं का, असं भराभर विचारलं आणि त्याच दुपारी बी-1 ची इंजेक्शनं सुरू करायला लावली. ऑपरेशननंतर सतत ओकाऱ्या झाल्या तर थायमिन, म्हणजे बी-1, संपत जातं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 8.7, बी-12 तळाला. ऑपरेशन झालेल्या कुणालाही आठवडाभर उलट्या होत असतील, तर "अडकलं असेल" म्हणून घरी बसू नका, हे मी हात जोडून सांगते.

औषधाची गोळी सुरू झाली. ती लिहिताना त्यांनी स्लीव्ह की बायपास हे दोनदा विचारलं, कारण बायपासनंतर काही गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत. आणि त्यांच्याच इथल्या मानसशास्त्रज्ञ ताईंकडे दर आठवड्याला बैठका. खाण्याच्या विकारांसाठी सीबीटीची, म्हणजे बोलून विचार आणि सवयी बदलायच्या उपचाराची, जी पद्धत आहे ती साधारण 20 बैठकांची असते. माझ्या 31 झाल्या.

पहिल्या बैठकीत वही दिली. काय खाल्लं, किती वाजता, कुठे, कुणाबरोबर, मनात काय होतं. चार दिवस लिहून नेली. ताईंनी पान उलटून विचारलं, "'कुठे' ह्या रकान्यात सगळीकडे 'ओट्याशी' असं आहे. तुम्ही शेवटचं बसून कधी जेवलात?"

मी आठवायला लागले. लग्नात पंगतीला बसले होते, पण जेवले नव्हते. घरी सगळ्यांना वाढून झालं की मी उभ्यानेच काहीतरी उरकते. केंद्रात तर प्रश्नच नाही. आठवत आठवत मागे गेले आणि म्हटलं, "हॉस्पिटलात. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी. पलंगावर बसून मुगाचं पाणी."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

तिथून उपचार सुरू झाले असं मी धरते. नियम साधे होते आणि पाळायला भयंकर. दर तीन तासांनी खायचं, भूक असो वा नसो. बसून, पान वाढून घेऊन. कुणासमोर तरी. जे तोंडात घेतलं ते गिळायचं. पुरण बघायचं असेल तर बघून गिळायचं, एक चमचा पुरण पोटात गेल्याने काही होत नाही. काट्यावर आठवड्यातून एकदाच उभं राहायचं. काटा मिस्टरांनी कपाटात कुलपात ठेवला. पहिल्यांदा बसून अर्धी पोळी आणि दुधी खाल्ला तेव्हा समोर मुलगी होती. बारावीचा अभ्यास सोडून ती माझ्यासमोर बसली होती आणि मी घास गिळला की नाही हे बघायचं नाही असं ठरवून पाण्याच्या तांब्याकडे बघत होती. अर्ध्या पोळीला पंचेचाळीस मिनिटं लागली. गिळताना घसा आवळायचा. त्या पोळीची चव मला अजिबात आठवत नाही, तांब्यावरचा पोचा आठवतो.

तीन महिन्यांत वजन 69 वरून 74 झालं. मी बैठकीत ओरडले, "ह्यासाठी पोट कापलं का मी?" ताई म्हणाल्या, "69 उपाशीपोटी होतं. त्याला तुमचं वजन म्हणू नका." मला ते पटायला फार दिवस लागले. काही दिवस आजही पटत नाही.

पिशवी कमी झाली तसं चरणं वाढलं. शेव, फरसाण, चहात बुडवलेलं बिस्कीट. हे सगळं घशाखाली सरकन उतरतं, अडकत नाही, म्हणून ऑपरेशन झालेल्यांना त्याचाच मोह पडतो. एकदा कुणाच्या तरी पेढ्यांवर दोन गोड चहा घेतले आणि दीड-दोन तासांनी घामाने चिंब होऊन खाली बसले, रक्तातली साखर एकदम उतरून 52. तेही वहीत गेलं. फरसाणाचा डबा आता मावशींच्या बाजूला असतो.

मिस्टरांबद्दल एक लिहायचं आहे. त्यांना बोलता येत नाही. ते कुठल्याच बैठकीला आत आले नाहीत, बाहेर बाकावर पेपर घेऊन बसायचे. पण रात्री नऊला ते केंद्रावर यायला लागले. शटर ते ओढतात. दिवा ते बंद करतात. चालत घरी येताना बोलतो किंवा बोलत नाही. माझा तो एकटीचा तास गेला ह्याचं मला कित्येक महिने वाईट वाटत होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग एखाद दिवशी न येऊ का?" मी म्हटलं, "गुरुवारी." गुरुवारी मी गणपती मंदिराशी अर्धा तास बसते. कुणी काही मागत नाही.

नात्यात आता खरं सांगितलं आहे. दोन जणी बोलायच्या बंद झाल्या. तिघींनी बाजूला घेऊन आपापलं सांगितलं, त्यातली एक ऑपरेशनच्या विचारात आहे. तिला मी करू नकोस म्हटलं नाही. तपासणीच्या वेळी खरं सांग म्हटलं, आणि सर्जनांना विचारायला लावलं की ऑपरेशननंतर दोन वर्षं माझ्या मनाकडे कोण बघणार आहे, त्या माणसाचं नाव आत्ताच सांगा.

आज वजन 78 आहे. साखरेची गोळी नाही. केस आले, पूर्वीइतके नाहीत. मागच्या महिन्यात दोनदा पिशवी घेतली. दोन्ही वेळा लिहून ठेवलं. ताईंनी पान बघितलं आणि विचारलं, "ह्या दोन्ही दिवशी दुपारी जेवला होतात?" नव्हते. दोन्ही दिवस मोठ्या ऑर्डरी होत्या आणि दुपारचं जेवण गेलं होतं.

म्हणून आता दीड ते दोन शटर अर्धं खाली असतं. आत आम्ही तिघी पानं घेऊन खाली बसतो, गोणपाट अंथरून. परवा फराळाच्या ऑर्डरी घ्यायचे दिवस, बाहेर गर्दी. कुणीतरी शटर वाजवलं आणि वाकून आत डोकावलं. "ताई आहेत का? चकलीचं सांगायचं होतं." माझ्या तोंडात घास होता. मी सवयीने उठायला लागले, तर थोरल्या मावशींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ताई जेवत्यात. धा मिन्टं थांबा."